समुद्र नंतर, आधी बोट बघ

वाचकांचे प्रश्न या सदरात या वेळी समुद्रावरच्या मासेमारीत उतरू पाहणाऱ्यांची पत्रं. उत्तरं देणारे सदरलेखक २७ वर्षं मासेमारी बोटींवर होते, आधी खलाशी आणि नंतर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख.

प्रश्न: माझं वय २२. पदवी झाली, पण खुर्चीत बसून काम करण्यात जीव रमत नाही. घरात कुणी मासेमारीत नाही. पोहता येतं, अंगात ताकद आहे, कष्टाची तयारी आहे. या धंद्यात शिरायचं तर आधी कोर्स करू की थेट बोटीवर जाऊ? पैसे कसे मिळतात तेही मोकळेपणाने सांगा.

उत्तर: तुला ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस. बोटीवर कुणी अहोजाहो करणार नाही, तेव्हा आतापासूनच सवय होऊ दे.

तुझ्या पत्रात तुझं वय आहे, ताकद आहे, पोहणं आहे. ज्या बोटीवर जायचं तिच्याबद्दल अवाक्षर नाही. मीही असाच निघालो होतो. ‘माणूस हवाय’ एवढं कानावर आलं, पिशवी उचलली आणि चढलो. तांडेल कसा, आधीचा माणूस का सोडून गेला, काही विचारलं नाही. तो का गेला ते मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि तेव्हा किनारा दीड दिवसाच्या वाटेवर होता.

म्हणून कोर्सचं नंतर बघू. आधी आठ दिवस जेटीवर जाऊन नुसता उभा राहा. बोटी परत येतात त्या वेळी जा. निघताना सगळ्याच बोटी झाडूनपुसून बऱ्या दिसतात.

पहिल्यांदा दोर बघ. वेटोळी घालून जागच्या जागी आहेत की डेकभर पसरलेत? ज्या डेकवर पाय कुठे टाकावा हे बघत चालावं लागतं, तिथे रात्री, पावसात, झोपेच्या तारेत कसं चालशील? मग कठड्याच्या तळाशी पाणी बाहेर जायचे झरोके असतात ते बघ. डेकवर आलेली लाट तिथून निघून गेली पाहिजे. मासळी वाहून जाते म्हणून काही जण फळ्या ठोकून ते बंद करून टाकतात. मग पोटरीभर पाणी डेकवरच राहतं, बोट कलेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. त्यात वर उंचावर ओलं जाळं टांगलेलं असेल तर बोट उलटायला वादळाची गरज पडत नाही.

त्यानंतर केबिनच्या टपावर नजर टाक. तिथे पांढऱ्या डब्यात लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा तराफा, असतो. ज्या पट्ट्याने तो बांधलेला असतो त्यात मुठीएवढं एक यंत्र असतं. बोट बुडाली की दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने ते पट्टा सोडतं, राफ्ट सुटून वर येतो. त्या यंत्रावर मुदतीची तारीख असते, ती वाच. मी एका बोटीवर त्या डब्यावरून जाड दोरी करकचून आवळलेली पाहिली. विचारलं तर म्हणाले, वाऱ्याने हलतो म्हणून. म्हणजे बोट गेली की राफ्टही तिच्याबरोबर तळाला. मी पिशवी खांद्यावरून उतरवलीच नाही, तसाच परत फिरलो.

आणि खलाशांपैकी कुणीतरी एकटा जाळं दुरुस्त करत बसलेला असतो, त्याच्या शेजारी बसून एकच विचार: गेल्या मोसमातली किती माणसं या मोसमातही आहेत? सहापैकी पाच असतील तर समज, पैसे वेळेवर मिळतात आणि शिव्या बेतात मिळतात. सहाही नवे असतील तर पुढची बोट बघ.

आणखी एक गोष्ट बघायची आहे, ती माझ्या हातावरून सांगतो. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट दोन पेरांनी आखूड आहे. दुसरा मोसम होता. जाळं वर ओढणं चाललं होतं आणि विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, फिरत्या रुळावर दोर नीट बसावा म्हणून मी तो हाताने सारत होतो. हातमोजा दुसऱ्याचा होता, मला मोठा. बोटांच्या टोकाशी अर्धा इंच रबर रिकामं. तेवढं रबर दोराखाली गेलं. आवाज काही झाला नाही. मी रुळाकडे बघतोय आणि मोजा एक फेरा घेऊन परत समोर आला, मला वाटलं मोजाच निसटलाय. शेजारच्याने लाल बटण दाबलं म्हणून विंच थांबली. ते बटण आधी केबिनच्या आत होतं. आमच्या तांडेलाने महिनाभरापूर्वीच ते बाहेर, विंचपासून हातभर अंतरावर बसवून घेतलं होतं. जुन्या जागी असतं तर मनगट गेलं असतं. त्या तांडेलाला आम्ही त्याच्यामागे ‘आजीबाई’ म्हणायचो, दिवसभर हे जपा, ते आवरा करायचा म्हणून. तर बोटीवर चढशील तेव्हा विंच बंद करायचं बटण कुठे आहे ते बघ, आणि तांडेल आजीबाई आहे का तेही.

आता कोर्स. जीव वाचवायचं प्राथमिक प्रशिक्षण जरूर घे: आग विझवणं, राफ्टमध्ये चढणं, प्रथमोपचार, पाण्यात पडलेल्याला वर घेणं. मासेमारी बोटींवरच्या माणसांच्या प्रशिक्षणासाठी १९९५ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१२ पासून लागू झाला. पुढे मोठ्या बोटीवर तांडेल किंवा इंजिनवाला व्हायचं असेल तर प्रमाणपत्रं आणि समुद्रावर काढलेल्या दिवसांची नोंद, दोन्ही लागतात. पहिल्या फेरीपासून ही नोंद तांडेलाच्या सहीने ठेवत जा. मी पहिली चार वर्षं ठेवली नाही आणि परीक्षेच्या वेळी जुन्या तांडेलांना शोधत बंदरं धुंडाळली. एक वारला होता, त्याच्याकडचे दिवस बुडाले ते बुडालेच.

पण कोर्स करून आलास म्हणून डेकवर कुणी हार घालणार नाही. तिथे गाठी बघतात. बोलाइन, क्लोव्ह हिच आणि शीट बेंड या तीन गाठी डोळे मिटून, गार पडलेल्या बोटांनी, पाठीमागे हात नेऊन घालता आल्या पाहिजेत. शीट बेंडला जास्त वेळ दे, कारण जाळ्याच्या प्रत्येक आसात, म्हणजे भोकात, जी गाठ असते ती हीच. ती हातात बसली की फाटलेलं जाळं सांधायला शिकणं सोपं जातं. आणि जाळं सांधणारा शिकाऊ पोरगा कुणी बोटीवरून उतरवत नाही.

शिकलेला आहेस, तर हवामानाचा अंदाज नीट वाचायला शीक. बरेच जुने खलाशीही इथे फसतात. अंदाजात लाटांची उंची ३ मीटर लिहिली असली तर ती सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्या दिवशी एखादी लाट जवळजवळ दुप्पट, ६ मीटरची येऊ शकते. ‘तीनच मीटर तर आहे’ असं म्हणणाऱ्याच्या पाठीवरच ती येते.

पोहता येतं ते चांगलंच, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. अतिथंड पाण्यात पडलास तर पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, धाप लागते, आणि तेवढ्यात पाणी आत गेलं तर खेळ आटोपला. ते मिनिट काढलंस तर साधारण दहा मिनिटं हातपाय सांगितलेलं ऐकतात. शुद्ध हरपायला तासभर लागतो. म्हणजे पोहणं दहा मिनिटांपुरतं. अंगावर लाइफजॅकेट असेल तर उरलेल्या वेळात बोट वळून तुझ्यापर्यंत येऊ शकते. डेकवर ते घालणाऱ्याला हसणारे भेटतील. हसू दे.

कोणत्या प्रकारची बोट? सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या लहान बोटीवर गळ, पिंजरे किंवा गिलनेट (पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं) असतं. माणसं दोन-तीन, त्यामुळे सगळंच शिकायला मिळतं. ट्रॉलर जाळं ओढत नेतो. दर काही तासांनी जाळं वर, मासळी निवडायची, डेक धुवायचा, पुन्हा जाळं खाली. रात्र-दिवस हेच. पर्ससीनवर माशांच्या थव्याला जाळ्याने घेरून ते तळातून आवळतात; तिथे थवा सापडेपर्यंत नुसतं ताटकळणं आणि सापडला की मरणाची घाई. लाँगलाइन म्हणजे गळ लावलेला लांबच लांब दोर; तिथे हजारो गळांना आमिष लावायचं असतं आणि दोर सुटताना गळ उडत असतात. माझं मत विचारशील तर पहिला मोसम लहान बोटीवर काढ. मोठ्या बोटीवर नवा माणूस एका कोपऱ्यात मासळी निवडत राहतो, आणि मोसम संपला तरी इंजिन कुठल्या बाजूला आहे हे त्याला माहीत नसतं. (हे वाचून ट्रॉलरवरचे माझे मित्र फोन करणार, ठाऊक आहे.)

आता पैसे. बहुतेक ठिकाणी पगार नसतो, वाटा असतो. आकडा सांगत नाही, हिशेब सांगतो. समज, मासळी १०० ला विकली. डिझेल, बर्फ, आमिष, खाणंपिणं मिळून ४० गेले. उरले ६०. त्यातले अर्धे, म्हणजे ३०, बोटीचे. राहिलेल्या ३० चे वाटे पाडायचे: तांडेलाचे दोन, इंजिनवाल्याचा दीड, तीन जुन्या खलाशांचा एकेक, तुझा अर्धा. एकूण सात वाटे. एका वाट्याला सव्वाचारच्या थोडं वर, तुला दोनाच्या थोडं वर. पुढच्या फेरीला मासळी ६० लाच गेली. डिझेल तेवढंच जळलं, खर्च ४० च. उरले २०, बोटीचे १०, माणसांचे १०. तुझ्या हातात पाऊणही नाही. विक्री ४० टक्क्यांनी घटली आणि तुझी कमाई तिसऱ्या हिश्श्यावर आली. वाटे पाडायची रीत बोटीबोटीत वेगळी असते, पण हा चढउतार सगळीकडे असतो.

म्हणून चढण्याआधी विचारायचं: सामायिक खर्चात काय काय धरता? फाटलेल्या जाळ्याचा खर्च बोटीचा की सगळ्यांचा? विक्रीची पावती खलाशांना दाखवता का? हे कागदावर लिहून घे आणि दोघांच्या सह्या कर. तोंडावर ‘विश्वास नाही का?’ म्हणतील. विश्वास आहे, म्हणूनच लिहायला हरकत नाही, असं हसत सांग. आणि उचल घेऊ नकोस. हातात आगाऊ पैसे पडले की बरं वाटतं, पण ते फिटेपर्यंत ती बोट सोडता येत नाही, आणि वाईट बोटीवर उचल फिटेल असा हिशेब कधी लागतच नाही.

एवढं सगळं जमलं तरी मासळीच नाहीशी होऊ शकते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला पाचशे वर्षं कॉड धरत होते. १९९२ च्या जुलैत सरकारने ती मासेमारी बंद केली आणि तीसेक हजार माणसं घरी बसली. त्यामुळे इंजिनाचं काम, वेल्डिंग, शीतगृहाचं यंत्र यांतलं काहीतरी एक बोटीवरच शिकून ठेव.

प्रश्न: एक एजंट आमच्या भावाला परदेशी मासेमारी बोटीवर लावून देतो म्हणतो. आधी मोठी रक्कम मागतो आणि पासपोर्ट ‘कंपनीकडे जमा’ राहील म्हणतो. कराराची प्रत तिकडे गेल्यावर मिळेल म्हणे. हे असंच असतं का?

उत्तर: ताई, असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मासेमारांसाठी २००७ साली वेगळा करार केला, क्रमांक १८८. तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की नोकरी लावून देण्याचे पैसे मासेमाराकडून घ्यायचे नाहीत. मासेमाराबरोबर लेखी करार हवा, त्यात पगार किंवा वाटा असेल तर तो कसा काढणार तेही हवं, आणि सही करण्याआधी तो वाचून सल्ला घ्यायला वेळ मिळायला हवा. तीन दिवसांहून जास्त समुद्रावर राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती. वय किमान १६, धोक्याच्या कामाला १८.

हा करार ज्या देशांनी मान्य केला त्यांच्या बोटींना तो बांधतो, सगळ्यांना नाही. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न हा विचारा की बोटीवर झेंडा कोणत्या देशाचा. कंपनी एका देशातली, झेंडा दुसऱ्या देशाचा आणि बंदर तिसऱ्या देशात, असं सर्रास असतं, आणि भांडण झालं की बऱ्याच गोष्टी झेंड्याच्या देशाच्या कायद्यावर जातात. एजंट गडबडला तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

पासपोर्ट मात्र देऊ नका. लांबच्या समुद्रात बोट सहा-आठ महिने बंदराला न लागताही राहते, इंधन आणि मासळीची देवाणघेवाण भरसमुद्रात दुसऱ्या जहाजाशी होते. तिथे तुमच्या भावाजवळ स्वतःचे कागद आणि घरी पोचेल असा फोन एवढाच आधार असतो. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कराराची प्रत भाऊ निघण्याआधी तुमच्या कपाटात पाहिजे. ती मिळत नसेल तर भाऊ घरीच बरा.

प्रश्न: मासेमारी बोटीवर जायची फार इच्छा आहे, पण एकदा लाँचमधून जाताना उलट्यांनी हैराण झालो. मी या कामाला नालायक आहे का?

उत्तर: चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बोटीने जगभर फिरला आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत राहिली. तेव्हा नालायक वगैरे काही नाही. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत बरं होतं. औषध घ्यायचं तर निघण्याआधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. आणि डॉक्टरांना विचारून असं घ्या की झोप येणार नाही, कारण पेंगत विंचजवळ उभं राहायचं नाही. रिकाम्या पोटी राहू नका. क्षितिजाकडे बघत काम करा. केबिनमध्ये जाऊन पडावंसं वाटेल, पण डिझेलच्या वासात आणखी मळमळतं. उलटी करायला वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूला जा (हे एकदाच चुकतं) आणि कठड्याबाहेर वाकताना एका हाताने काहीतरी घट्ट धरा. उलटी करताना तोल जाऊन पडलेला माणूस मी पाहिलाय. दिवसाउजेडी पडला म्हणून सापडला.

चौथ्या फेरीनंतरही पाणी पोटात राहत नसेल तर मात्र हट्ट करू नका.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात पहिल्या फेरीला निघतोय. सोबत काय नेऊ? आणि तुम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं असं काही?

उत्तर: हातमोजे स्वतःच्या मापाचे, तीन जोड. का ते वर लिहिलंय. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी काढून ठेव. लोकरीचे मोजे भरपूर, कारण ओल्या बुटात दिवसचे दिवस राहिलेला पाय सोलवटतो. मासळीचा काटा किंवा पंखाचं टोक हाताला टोचलं तर तिथल्या तिथे साबणाने धू आणि जंतुनाशक लाव. न धुतलेल्या त्या बारीक भोकामुळे हात सुजून जांभळा झालेले खलाशी बंदरात उतरवावे लागतात.

सांगायला हवी होती अशी गोष्ट माशांच्या खणाची. मासळी कुजली की तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वाटतं, चला, वास गेला. खणाचं झाकण उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरायचं नाही. आत कुणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, ओरडून बाकीच्यांना बोलवायचं. एका पाठोपाठ एक उतरलेले तिघे जातात ते असे.

आणि चाकू. टोक बोथट असलेला, म्यानात बसणारा घे. दोराच्या फासात पाय अडकला तर तोच उपयोगी पडतो, म्हणून कमरेला असा लाव की कुठल्याही एका हाताने काढता येईल. निघण्याआधी उजव्या आणि मग डाव्या हाताने काढून बघ. हातातून सटकू नये म्हणून त्याला दोरी बांधलीस तर ती हिसक्यासरशी तुटेल इतकी बारीक असू दे, आणि मनगटाला गुंडाळू नकोस.